देवाचं पान
(‘हागिओस’ या ग्रीक शब्दावरच्या पुस्तिकेची प्रस्तावना)

प्रश्न विचारला तो अहिल्यानगरकडच्या एका बाईंनी. महिन्यातून एका रविवारी आम्ही दिल्लीतली पाच-सहा मराठी कुटुंबं एकत्र बसून बायबलच्या नव्या करारातलं एखादं पत्र वाचतो. मराठीत वाचायचं आणि अडलं तर मूळ ग्रीक शब्द पाहायचा, एवढाच कार्यक्रम. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपाशी ओळखी झाल्या आणि त्यातून हे वाचन सुरू झालं. आमच्यातले काहीजण अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले आहेत, एक कुटुंब वसईचं आहे, आणि माझ्यासारखे दोघंतिघं ख्रिस्ती नसलेले, शब्दांच्या ओढीनं येणारे आहेत.

त्या दिवशी पौलानं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र चाललं होतं. बाई म्हणाल्या, “हे लोक गट पाडून भांडतात. एकमेकांवर दावे लावतात. प्रभुभोजनाला एकजण उपाशी आणि शेजारचा पिऊन तर्र. एकानं तर सावत्र आईशीच घरोबा केलाय. आणि ह्यांना पौल पत्राच्या दुसऱ्याच वचनात ‘पवित्र जन’ म्हणतो? मग आमच्या सासूबाईंनी काय पाप केलं होतं?”

सगळे हसले, पण उत्तर कोणापाशीच नव्हतं. ग्रीक पाहिलं. तिथं शब्द होता ‘हागिओस’, त्याचं अनेकवचन ‘हागिओई’. नव्या करारात हा शब्द सुमारे २३० वेळा येतो. पवित्र आत्मा, पवित्र नगरी, पवित्र शास्त्र, पवित्र जन असं आपण जिथं जिथं म्हणतो, तिथं बहुतेक वेळा मुळात हाच असतो. त्या रविवारपासून आम्ही त्याचा माग काढत गेलो आणि जे सापडलं ते या पुस्तिकेत आहे. अडचण पौलाच्या पत्रात नव्हती. ‘पवित्र’ हा आपला शब्द कानावर पडला की मनात जे उभं राहतं, तिथं ती होती.

‘पवित्र’ हा शब्द ‘पू’ धातूपासून झाला. पू म्हणजे गाळणं, स्वच्छ करणं. ऋग्वेदात पवित्र ही एक वस्तू आहे: सोमरस गाळायची मेंढीच्या लोकरीची गाळणी. पुढं श्राद्धाला अनामिकेत घालायच्या दर्भाच्या अंगठीला पवित्रक म्हणू लागले. श्रावणी पौर्णिमेला हातात बांधायच्या सुताच्या पोवत्याचं नावही त्यातूनच झिजून आलं आहे. म्हणजे शब्दाच्या पोटात पहिल्यापासून गाळणी आहे. घाण अलीकडे, निवळ पलीकडे. मराठी घरात हा शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या शेजारी राहिला आणि त्याला तोच रंग चढला. सोवळं शिवलं की गेलं. ते राखायचं तर अंग चोरून राहावं लागतं.

ही केवळ स्वयंपाकघरातली गोष्ट राहिली नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि पुढं सनातन्यांनी त्या तळ्यात पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून त्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. पंढरपूरच्या विठोबाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषणाला बसावं लागलं. चोखोबांची समाधी त्या दाराबाहेर आहे. ‘पवित्र’ शब्द उच्चारताना हा सगळा इतिहास आपल्या जिभेवर असतो. करिंथच्या भांडखोर माणसांना तो लावायला आमच्या बाईंची जीभ कचरली, त्याचं कारण हेच.

मग हागिओस म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर मला आईच्या स्वयंपाकघरात सापडलं.

गौरी-गणपतीत आई मोदक करायची तेव्हा पहिला घाणा वाफवून निघाला की पाच मोदक केळीच्या पानावर वेगळे काढून ठेवायची आणि पानाभोवती पाण्याचं मंडल करायची. आम्ही पोरं ओट्याशी घुटमळत असायचो. हात पुढं गेला की ती म्हणायची, “त्याला नको, ते देवाचं आहे.” त्या पाच मोदकांत आणि परातीतल्या उरलेल्या सोळांत काहीही फरक नव्हता. तांदळाची पिठी तीच, खोबरं तेच, कळ्या पाडणारी बोटं तीच. उलट पानावरच्या एकाचं नाक हमखास वाकडं असायचं, कारण घाण्यातले पहिले मोदक नीट जमत नाहीत. ते जास्त शुद्ध होते म्हणून देवाचे झाले नव्हते. वेगळे काढले म्हणून देवाचे झाले होते. आणि आरतीनंतर तेच पान सगळ्यांत आधी फोडून वाटलं जायचं, दारी आलेल्या कोणालाही.

हागिओस म्हणजे ते पान. ज्याच्यावर देवाची मालकी लागली ते. बायबलमध्ये हा हिब्रू ‘कादोश’ या शब्दाचा ग्रीक अवतार आहे, आणि कादोशचा गाभाही वेगळेपणाचाच आहे. जुन्या करारात देव मोशेला जळत्या झुडपापाशी वहाणा काढायला सांगतो, कारण ती भूमी ‘हागिआ’ आहे. ती रानातलीच, मेंढरं चरायची जमीन. कोणी ती सारवली नव्हती. आपल्याकडची देवराई आठवा. पुणे जिल्ह्यात, सिंधुदुर्गात आजही त्या आहेत. आत पालापाचोळा कुजतो, गोचिडी लागतात, सापाची भीती असते. स्वच्छ म्हणावं असं तिथं काही नसतं, पण वाळकी काटकीदेखील कोणी उचलत नाही, कारण रान देवाचं आहे. हागिओसचा मुख्य अर्थ समजायला मला देवराईइतका जवळचा मराठी शब्द दुसरा मिळालेला नाही.

ग्रीकांना शुद्धतेसाठी शब्दांची वाण नव्हती. धुतलेलं, निर्मळ यासाठी ‘काथारोस’ होता. अंतःकरणानं शुद्ध असलेल्यांना येशू धन्य म्हणतो तिथं हाच आहे. निष्कलंक, शीलवान यासाठी ‘हाग्नोस’ होता, धर्मशील माणसासाठी ‘होसिओस’. देवळाच्या, पुजाऱ्याच्या, उत्सवाच्या पावित्र्यासाठी ‘हिएरोस’ हा रोजच्या वापरातला शब्द होता. देऊळ म्हणजे हिएरोन, पुजारी म्हणजे हिएरेउस. हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनी कादोशसाठी सहज तो उचलला असता. त्यांनी टाळला. झ्यूसच्या, अपोलोच्या देवळांचा धूप त्या शब्दाला लागलेला होता. त्यापेक्षा कमी वापरातला हागिओस त्यांनी निवडला. नव्या करारात हिएरोस हे विशेषण म्हणून दोन-तीन जागी सापडतं, बस. माणसांना ते कुठंच लावलेलं नाही.

शब्दांच्या कुळात शिरलं की आणखी एक गोष्ट हाती लागते आणि ती मला फार प्रिय आहे. हागिओसच्या मुळाशी ‘हाझोमाई’ हे क्रियापद आहे: आदरानं थबकणं, भयभक्तीनं मागं सरणं. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृत ‘यज्’ धातूशी जोडतात. म्हणजे हागिओसची सख्खी भावंडं आपल्याकडे आहेत ती यज्ञ, याग, यजन ही. घरचे यजमान त्यातलेच. यज्ञोपवीताचं झिजून झालेलं जानवंही त्यातलंच. आणि हिएरोसचं नातं वैदिक ‘इषिर’शी सांगतात, म्हणजे चैतन्यानं सळसळणारं. आपण ज्या शब्दानं भाषांतर करतो तो ‘पवित्र’ मात्र या घराण्यातला नाही. तो शेजारच्या वाड्यातून दत्तक आलेला आहे.

हे सगळं दिल्लीत बसून का लिहावं, असं कोणी विचारेल. त्यांनी एकदा माझ्याबरोबर कश्मीरी गेट मेट्रो स्टेशनला उतरावं.

स्टेशनच्या उत्तरेला, बस अड्ड्यापलीकडे कुदसिया बाग आहे. बादशहा अहमदशहाची आई कुदसिया बेगम, तिनं अठराव्या शतकाच्या मध्यात ती लावली. या ‘कुदसिया’त जे क-द-स आहे तेच अरबी ‘कुद्स’मध्ये आहे, ‘मुकद्दस’मध्ये आहे, आणि तेच हिब्रू कादोशमध्ये आहे. उर्दू बायबलचं नाव किताब-ए-मुकद्दस. दिल्लीतले मल्याळी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आपल्या उपासनेत ‘कदीशा’ म्हणतात, तोही सिरियाक भाषेतला याच मुळाचा. रोज हजारो माणसं ‘कुदसिया बाग’ची पाटी वाचत बसमध्ये चढतात. मोशेच्या झुडपापाशी उच्चारलेला तो शब्द त्या पाटीवर आहे.

स्टेशनच्या दुसऱ्या अंगाला सेंट जेम्स चर्च. पिवळ्या रंगाचं, घुमटाचं. १८३६ मध्ये त्याचं अर्पण झालं. बांधलं कर्नल जेम्स स्किनरनं, ज्याची आई रजपूत आणि बाप स्कॉटिश. स्किनरची तलवार आधी शिंद्यांच्या चाकरीत होती, १८०३ पर्यंत. मराठ्यांच्या बाजूनं लढताना जखमी होऊन तो रणात पडला, आणि वाचलो तर देवाचं घर बांधीन असा त्यानं नवस केला, असं सांगतात. नवस हा शब्द मी मुद्दाम वापरतो. नवस बोलला की ती वस्तू आपली राहत नाही, फेडायची तेवढी राहते. चर्चच्या त्या जागेला हागिओस केलं ते या बोलण्यानं. इंग्रजांच्या जुन्या थडग्यांवर ‘सेक्रेड टू द मेमरी ऑफ’ अशी सुरुवात असते, तिचाही अर्थ अमक्याच्या आठवणीसाठी राखलेलं एवढाच आहे.

चर्चपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर सेंट स्टीफन्स कॉलेजची जुनी इमारत आहे, आता तिथं निवडणूक कार्यालय आहे. ते कॉलेज सुरू झालं १ फेब्रुवारी १८८१ रोजी, किनारी बाजारातल्या कटरा खुशहाल रायमध्ये. चालवणारी संस्था होती केंब्रिज मिशन टू दिल्ली, स्थापना १८७७. आणि या मिशनमागची प्रेरणा होते केंब्रिजचे प्राध्यापक ब्रूक फॉस वेस्टकॉट. ग्रीक नव्या कराराच्या अभ्यासकाला हे नाव पाठ असतं. वेस्टकॉट आणि हॉर्ट या दोघांनी जुन्या हस्तलिखितांची छाननी करून सिद्ध केलेली ग्रीक संहिता प्रसिद्ध झाली तीही १८८१ मध्येच. एकाच माणसाच्या ध्यासातून एकाच वर्षी केंब्रिजला ती संहिता आणि चांदणी चौकाच्या गल्लीत हे कॉलेज. वेस्टकॉटांची इच्छा होती की दिल्ली ही यमुनेकाठची अलेक्झांड्रिया व्हावी. म्हणजे असं शहर, जिथं एका परंपरेचं शास्त्र दुसऱ्या परंपरेच्या भाषेत विचार करू लागेल.

अलेक्झांड्रियाच का, तर कादोशचा हागिओस झाला तो तिथंच. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या आणि दुसऱ्या शतकांत ज्यू पंडितांनी मोशेचं शास्त्र ग्रीकमध्ये आणलं ते त्या बंदरगावात. यहुदी देवासाठी ग्रीक शब्द निवडताना त्यांना जी धास्ती वाटली असेल, ती पुढं प्रत्येक भाषांतरकाराच्या वाट्याला आली.

आपल्याकडे ती आधी आली गोव्यात. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचलं, ते रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. ओवी आपली, भाषा आपली, पण त्या काळच्या पाद्रींनी नाजूक जागी पोर्तुगीज शब्द तसेच ठेवले. गोव्याच्या जुन्या कोंकणी प्रार्थनांत पवित्र आत्मा आजही ‘इस्पिरिता सांत’ आहे. देशी शब्द घेतला तर त्याबरोबर जुना देव आत शिरेल ही भीती. अलेक्झांड्रियाच्या पंडितांना हिएरोसची होती तीच. मग सांत आणि संत यांची गाठ पडली आणि गंमत झाली. ‘सांत’ लॅटिन सांक्तुसचा, म्हणजे हद्द आखून राखलेला. आपला ‘संत’ संस्कृत सत्‌चा, म्हणजे सज्जन, सत्यात असलेला. मुळं वेगळी, पण उच्चार असा जुळला की वसईचे गोन्सालो गार्सिया, ज्यांना १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं आणि १८६२ मध्ये संतपद मिळालं, ते सहज ‘संत गोन्सालो’ झाले. पण त्यामुळं एक घोटाळाही झाला. पौलाचे हागिओई म्हणजे वेदीवर मूर्ती बसवलेले थोर पुरुष नव्हेत. करिंथच्या गल्लीतले गोदीवरचे हमाल, गुलाम, तंबू शिवणारे, हे सगळे त्याच्या लेखी हागिओई होते.

सेरामपूरला विल्यम केरींनी पंडित वैजनाथांच्या साहाय्यानं १८११ मध्ये मराठी नवा करार छापला. पुढं मुंबईच्या मिशनऱ्यांनी आणि बायबल सोसायटीनं सुधारून नव्या आवृत्त्या काढल्या, आणि ‘पवित्र’ हा शब्द त्या परंपरेत पक्का बसला. त्या परंपरेपुढं खरी हिंमत दाखवणारी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ ही पदवी दिलेल्या या बाईला कोणत्या संस्कृत शब्दाच्या पोटात काय आहे हे सांगायला दुसऱ्याची गरज नव्हती. जुन्या उपासनेचा वास असलेले शब्द त्यांना टाळायचे होते, आणि भाषा केडगावच्या मुक्तिसदनातल्या निरक्षर बाईला कळेल अशी हवी होती. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या. सगळं बायबल मुळावरून मराठीत केलं. जुळणी आणि छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्यांच्या भाषेवर खडबडीतपणाचा ठपका ठेवला गेला. मला तो ठपका अन्यायाचा वाटतो. गुळगुळीत शब्दावरून अर्थ निसटतो हे त्यांना कळलं होतं.

हागिओसचा अर्थ ‘देवाचं’ असा धरला की अडलेल्या कितीतरी जागा सुटतात. प्रभूच्या प्रार्थनेत देवाच्या नावासाठी ‘हागिआझो’ हे क्रियापद येतं. पवित्र करणं म्हणजे शुद्ध करणं असेल तर देवाचं नाव आपण काय शुद्ध करणार? पण ते नाव वेगळं राखलं जावो, दुसऱ्या कशाच्या ओळीत बसवलं न जावो, असा अर्थ घेतला की मागणं उमजतं. योहानाच्या सतराव्या अध्यायात येशू स्वतःला पवित्र करतो म्हणतो. डाग धुण्याचा तिथं प्रश्नच नाही. तो स्वतःला वाहून टाकतो आहे, नैवेद्याचं पान वाहावं तसं.

मात्र या शब्दाची एक काळी बाजू आहे, ती झाकणं खोटेपणाचं होईल. देवाचं म्हणून वेगळं काढणं ही माणसाच्या हातची सत्ता आहे आणि ती वाईट वापरता येते. हिब्रूत ‘केदेशा’ असा एक शब्द आहे, मूळ तेच क-द-श, आणि जुन्या करारात तो वेश्येच्या बरोबरीनं येतो. आपल्याकडे खंडोबाला, यल्लम्माला मुली ‘सोडल्या’, त्यांना मुरळी, जोगतीण म्हटलं. त्याही देवाच्याच म्हणवल्या गेल्या. मुंबई सरकारला १९३४ मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला. तेव्हा वेगळं काढलं एवढ्यानं भागत नाही. कोणत्या देवासाठी आणि पुढं काय व्हावं म्हणून काढलं, हे विचारावंच लागतं.

बायबलनं ते विचारलं आहे, आणि माझ्या मते हागिओसचं खरं वळण तिथं आहे. हाग्गय नावाच्या संदेष्ट्यानं याजकांना विचारलं: पदरात वाहिलेलं मांस असेल आणि तो पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते का? याजक म्हणाले, नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस तिला शिवला तर? विटाळते. हा नियम मराठी घराला शिकवायला नको. विटाळ पसरतो, सोवळं पसरत नाही. पौल त्याच पत्रात, सातव्या अध्यायात, हे उलटं करतो. नवरा विश्वास न ठेवणारा असला तरी बायकोमुळं तो हागिओस होतो, आणि त्यांची मुलं हागिआ असतात, असं तो लिहितो. आता पावित्र्य पसरतं, विटाळ हटतो. येशूनं कुष्ठरोग्याला हात लावला तेव्हा येशूला विटाळ झाला नाही, रोगी बरा झाला. आमच्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. करिंथचे लोक चांगले होते म्हणून पवित्र नव्हते. देवानं त्यांच्यावर हात ठेवला होता, आणि आता त्यांनी तसं वागावं म्हणून पौल पुढची पंधरा प्रकरणं त्यांना रागावतो.

पवित्र व्हा, असं ज्या लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितलं आहे, तो एकदा सलग वाचावा. शेताच्या कडा कापू नका, त्या गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडा. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. गुरगावच्या बांधकामावरच्या मजुराचा थकलेला रोज आणि नोएडाच्या सोसायटीत कामवालीसाठी ठेवलेली वेगळी लिफ्ट, या गोष्टी त्या अध्यायाच्या हिशेबात हागिओसच्याच गोष्टी आहेत. आम्ही तो अध्याय वाचला त्या रविवारी बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुस्तिकेत पुढं हागिओस आणि त्याच्या भावंडांचे नव्या करारातले महत्त्वाचे उतारे एकेक घेऊन पाहिले आहेत. ग्रीक न येणाऱ्यासाठी सगळे शब्द देवनागरीत दिले आहेत. भाषांतरात ‘पवित्र’ हा शब्द मी बदललेला नाही. दोनशे वर्षं लोकांनी तो प्रार्थनेत म्हटला आहे, त्यांच्या ओठांवरून तो काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण प्रत्येक ठिकाणी समासात ‘देवाचं’ असं लिहिलं आहे. वाचकानं एकदा मजकूर वाचावा, एकदा समास वाचावा, आणि ‘देवाचं’पेक्षा नेमका, आपल्या घरातला, आपल्या रानातला एखादा शब्द आठवला तर तो मला जरूर कळवावा.